परीक्षेतला वॉर्ड आपला नाही

लेकरांनो, मागं उभे असलेले ब्रदर्सही पुढं या, खुर्च्या मोकळ्या आहेत. आजचा विषय एनक्लेक्सच्या, म्हणजे अमेरिकेत नर्सिंगचा परवाना देणाऱ्या परीक्षेच्या, तयारीचं वेळापत्रक असा ठरलाय. ते सांगते, पण त्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसू द्या. परीक्षेतला वॉर्ड आपला वॉर्ड नाही. आपल्याकडं एका सिस्टरच्या अंगावर तीस-चाळीस पेशंट असतात, स्पंजिंग नातेवाईक करतात, औषध बाहेरून आणायला चिठ्ठी द्यावी लागते. परीक्षेत मात्र समोर एक पेशंट असतो आणि सगळं सामान हाताशी असतं. लातूर-नांदेडची हुशार पोर चुकते ती इथंच. ती आपल्या वॉर्डातून उत्तर देते.

इन्सुलिनचंच बघा. लाल टोपणाची सिरिंज कितीची? चाळीसची, बरोबर. आपल्या व्हायलमध्ये १ मिलीत ४० युनिट असतात, १० मिलीच्या बाटलीत ४००. अमेरिकेत नेहमीचं इन्सुलिन शंभरचं, म्हणजे १ मिलीत १०० युनिट, आणि त्याच्या सिरिंजचं टोपण नारिंगी. आता ऑर्डर आहे २० युनिटची. चाळीसच्या सिरिंजमध्ये ते ०.५ मिली भरतं, शंभरच्या सिरिंजमध्ये ०.२ मिली. चाळीसचं इन्सुलिन शंभरच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर पेशंटला मिळाले फक्त ८ युनिट. उलटं झालं, म्हणजे पेनाच्या शंभरच्या कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर ५० युनिट गेले! घाम, थरथर आणि मग बेशुद्धी. हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. आज रात्रीच्या ड्युटीलाही व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचा.

याच्याच पोटातला दुसरा प्रश्न मिसळण्याचा. आपल्याकडं ३०/७० चं तयार मिश्रण इतकं चालतं की साधं, म्हणजे पटकन काम करणारं स्वच्छ इन्सुलिन, आणि एनपीएच, म्हणजे हळू काम करणारं गढूळ, हातानं मिसळायची वेळच फारशी येत नाही. म्हणून पायऱ्या पाठ असूनही क्रम लावताना बोट अडखळतं. समजा साधं १० आणि एनपीएच १४ आहे. एनपीएचची बाटली तळहातात फिरवा, हलवू नका. दोन्ही बुचं स्पिरिटनं पुसा. आधी एनपीएचमध्ये १४ युनिट हवा सोडा, सुईचं टोक औषधाला लागू द्यायचं नाही. मग साध्यात १० युनिट हवा, बाटली उलटी करा, १० ओढा, बुडबुडे काढा. मग पुन्हा एनपीएच, आणि दट्ट्या बरोबर २४ वर थांबला पाहिजे. २५ झाला तर? एक युनिट बाटलीत परत ढकलायचं नाही, अख्खी सिरिंज टाकून पहिल्यापासून. स्वच्छ आधी, गढूळ नंतर, कारण गढूळाचा थेंब साध्याच्या बाटलीत गेला तर त्या बाटलीचा पटकन काम करण्याचा गुणच बिघडतो. हे कारण कळलं तर क्रम विसरणं अवघड आहे.

कामं वाटून देण्याचंही तेच. आपण मावशींना म्हणतो, “जरा पेशंटकडं बघा.” परीक्षेत बघणं, शिकवणं, परिणाम तपासणं ही तीन कामं नर्सनं कुणाला द्यायची नाहीत. स्थिर पेशंटची आंघोळ, लघवी मोजणं, चालवणं एवढं मदतनिसाला देता येतं. आणि “डॉक्टरांना कळवा” या पर्यायावर आपली पोरं डोळे मिटून बोट ठेवतात. ऑपरेशननंतर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ८६ टक्क्यांवर आलंय, तर आधी डोकं वर करा, ऑक्सिजन लावा, मग फोन.

पाच मिनिटं राहिली म्हणताहेत. बरं, वेळापत्रक भराभर लिहून घ्या. बारा आठवडे. पहिले चार शरीराच्या एकेका संस्थेचे, रोज ५० प्रश्न. पुढचे पाच सगळं मिसळून, रोज ७५. शेवटच्या तिन्हीत दर आठवड्याला एक सराव परीक्षा, एका बैठकीत पुरी करायची. प्रश्न सोडवायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ स्पष्टीकरणाला. चुकांच्या वहीत तीन रकाने आखा: माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, आपल्या वॉर्डाची सवय आडवी आली. तिसरा रकाना भरत गेला तर घाबरू नका, तोच सगळ्यात लवकर रिकामा होतो.

पेपर ५ तासांचा. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, मागं जाता येत नाही. ८५ वर संगणक बंद पडला म्हणजे पासच, असं नाही, नापासही तिथंच होतं. एप्रिल २०२३ पासून केस स्टडी आल्यात, तीन केस आणि प्रत्येकी सहा प्रश्न. “लागू पडतील ते सगळे निवडा” यात चुकीच्या निवडीचा गुण बरोबरमधून वजा होतो, म्हणून अंदाजानं जास्त खुणा करू नका. फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेर द्यायची तर आणखी १५०. नापास झालात तर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. केंद्र आपल्याला हैदराबादचं जवळ.

आणि नाव! दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लग्नानंतर नर्सिंग कौन्सिलला वेगळं. केंद्रावर पासपोर्टच चालतो, आणि परवानगीपत्रावरचं नाव आणि आडनाव त्याच्याशी जुळलं नाही तर दारातून परत पाठवतात, फी बुडते. फॉर्म भरायच्या आधी दुरुस्ती करून घ्या. ज्यांनी पासपोर्ट आणलाय त्यांनी कार्यक्रम संपल्यावर इथंच थांबा, एकेकीचं नाव जुळवून बघू.