'आन् मंग?'

[रात्र. अंगणात मांडलेला चौक, पेटलेली दिवटी.]

लग्नाचा गोंधळ आहे. "तुळजापूरच्या भवानीआई, गोंधळाला ये… माहूरच्या रेणुकाई, गोंधळाला ये…" देवतांना बोलावणं झालं, संबळ थांबला आणि मुख्य गोंधळ्यानं आख्यान लावलं. एक राजा, त्याची राणी, त्याच्यावर आलेलं संकट. दोन वाक्यं होतात न होतात, तोच तुणतुणंवाला मध्ये तोंड घालतो : "आन् मंग?"

ज्यांचं लहानपण मराठवाड्यात गेलं, त्यांच्या कानात हा 'मंग' अजून असेल. साथीदार कधी खुळ्यासारखं विचारतो, कधी भलताच अर्थ काढतो. मग मुख्य गोंधळ्याला गोष्ट पुन्हा फोडून सांगावी लागते. अंगणात बसलेल्या पोरांच्या मनातला प्रश्न साथीदारानं आधीच विचारलेला असतो.

गोष्ट सांगणाऱ्याला असा साथीदार लागतोच. तो नसल्याची अडचण एकदा न्यूयॉर्कमध्ये एका लेखकाला आली होती. त्याचं नाव बिल फिंगर. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या चित्रकथांच्या मासिकाच्या मे १९३९ च्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा छापून आला. चित्रकार बॉब केन, लेखन फिंगरचं. नायक झकास होता, पण रात्रीचा एकटाच फिरायचा. एकटा माणूस बोलणार कुणाशी? शेरलॉक होम्सला वॉटसन असतो, तसं याला कुणीतरी हवं, असं फिंगरला वाटलं. एप्रिल १९४० च्या अंकात रॉबिन आला. सर्कशीत झुल्यावरच्या कसरती करणारा, आईबाप गमावलेला पोरगा. चित्रकार जेरी रॉबिन्सनला रॉबिन हूडची आठवण झाली, म्हणून हे नाव. बॅटमॅनला बोलायला माणूस मिळाला आणि वाचणाऱ्या पोरांना त्या पानात शिरायला वाट मिळाली. अंकाचा खपही जोरात वाढला. मग काय, नायक तिथं पोरगा, अशी रीतच पडली. १९४१ मध्ये कॅप्टन अमेरिका आला तो पहिल्याच अंकात बकीला सोबत घेऊन.

[वेरूळ. कैलास लेण्याची दक्षिणेकडची भिंत, सकाळचं ऊन.]

आता ही भिंत बघा. आठवं शतक, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा काळ. एकाखाली एक पट्ट्यांमध्ये रामायणातले प्रसंग कोरलेले आहेत. कॉमिकचं पान वाचावं तसं वरून खाली वाचत या. खालच्या पट्टीत वानरं दगड वाहतायत, सेतू बांधतायत. आमच्याकडची शाळेची सहल इथं आली की गुरुजी राम दाखवतात आणि पोरं वानरं मोजत बसतात. मला ते फार खरं वाटतं. राम व्हायचं पोरांच्या मनातही येत नाही, दगड उचलायला मात्र सगळी तयार असतात.

साथीदाराच्या वाट्याला नेहमी मान आला असं मात्र नाही. १९३४ मध्ये ली फॉकचा जादूगार मॅण्ड्रेक आला. त्याचा सोबती लोथार. आफ्रिकेतला राजपुत्र, अफाट ताकदीचा, पण अंगावर बिबट्याचं कातडं, तोंडी मोडकी भाषा आणि वागणूक नोकराची. राजपुत्राला हरकाम्या करून ठेवणारी ती नजर गोऱ्या माणसाची होती. लोथारला नीट कपडे आणि नीट भाषा मिळायला तीस वर्षं लागली.

फॉकचाच वेताळ, म्हणजे फँटम, १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून भारतभर पोचला, पुढे हा मॅण्ड्रेकही आला. दोघं मराठीतही आले. एसटी स्टँडवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर दोरीला लटकलेले ते अंक, पानं पिवळी पडलेली, गाडी लागेपर्यंत उभ्यानं वाचून काढायचे. मग व्यंगचित्रकार प्राण यांचा चाचा चौधरी आला, आणि त्याच्यासोबत गुरूग्रहावरून आलेला साबू. इथं सगळं उलटं. नायक म्हातारा, डोकं त्याचं, आणि ताकद सगळी सोबत्याची. शिवाय साबू चाचांच्या घरातलाच एक होऊन राहतो.

तिकडे अमेरिकेत कॉमिक्सचे लेखक स्टॅन ली यांना ही पोरगेली सोबत मुळीच आवडायची नाही. १९६२ मध्ये त्यांनी आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी शाळकरी पोरालाच नायक केलं. तो स्पायडरमॅन.

आणि रॉबिन? पहिला रॉबिन, डिक ग्रेसन, मोठा झाला. १९८४ मध्ये नाइटविंग हे नाव घेऊन स्वतःच नायक झाला. त्याच्या जागी आलेला जेसन टॉड मात्र बऱ्याच वाचकांना रुचेना. १९८८ मध्ये प्रकाशकांनी फोन नंबर दिले : याला जगवायचं की मारायचं, तुम्ही सांगा. मारा म्हणणारे ५,३४३. जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. हा आकडा वाचला की आजही पोटात कालवतं. त्यानंतरचा बॅटमॅन बेफाम होत गेला, हात सुटत गेला. तेव्हा टिम ड्रेक नावाचा एक पोरगा आपणहून पुढं आला. त्याचं म्हणणं एवढंच : बॅटमॅनला रॉबिन लागतो. १९४० मध्ये लेखकाला जे जाणवलं होतं, ते पन्नास वर्षांनी गोष्टीतल्याच पोरानं बोलून दाखवलं.

[पुन्हा अंगण. पहाट होत आलेली.]

आख्यान संपत आलंय. मुख्य गोंधळ्याचा आवाज बसलाय. तोही कधीकाळी आपल्या बापामागं तुणतुणं धरून उभा असायचा. आज त्याच्यामागं त्याचा दहा-बारा वर्षांचा पोरगा आहे. डोळे झोपेनं जड झालेत, बोट तारेवर. बाप श्वास घ्यायला थांबतो. पोरगा मान वर करतो.

"आन् मंग?"