वाड्यात ऑफिस घेताय? भाडं सगळ्यात शेवटी विचारा

नमस्कार. जपून या, डोकं सांभाळा. ही चौकट बुटकी आहे आणि माझ्या निम्म्या क्लायंटनी इथं कपाळ आपटून घेतलंय. मी जीएसटीची कामं करतो. संभाजीनगरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, या वाड्याच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस आहे.

परवा दोन पोरांचा फोन आला. डिझाइनचं काम करतात. "काका, पैठण गेटजवळ वाडा बघितलाय. जालना रोडच्या मानानं भाडं निम्मं आहे. उद्या टोकन देऊ का?" म्हटलं, थांबा रे बाबांनो. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

आधी एक गंमत. इथला प्रत्येक घरमालक सांगतो, "चारशे वर्षांचा वाडा आहे साहेब." मलिक अंबरनं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं १६१० मध्ये. चारशे वर्षं झाली ती गावाला, तुमच्या वाड्याला नाही. पण जुनेपणाचा दर लावायला सगळे हुशार असतात. आणि छत गळतंय म्हटलं की तोच माणूस म्हणतो, "जुनी इमारत आहे, तेवढं चालायचंच."

तर पहिला प्रश्न भाड्याचा नाही. समोरचा माणूस जागा देणारा कोण?

हे मी पैसे घालवून शिकलोय. या वाड्याच्या आधी मी दुसऱ्या गल्लीत बसायचो. डिपॉझिट दिलं, फर्निचर केलं, सगळं सुरळीत. वर्षभरानं त्या गृहस्थाला कोर्टाची नोटीस आली, तेव्हा कळलं की ते मालक नव्हतेच. आजोबांच्या काळापासूनचे पगडीवाले, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन किरकोळ भाड्यावर राहणारे, भाडेकरू. मूळ मालकाला किरकोळ भाडं देत होते आणि माझ्याकडून बाजारभावानं घेत होते. भाडे नियंत्रण कायद्यात स्पष्ट आहे: मालकाशी तसा करार नसेल तर भाडेकरूला जागा पोटभाड्यानं देता येत नाही, लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे नुसत्या वापराच्या परवान्यावरही देता येत नाही. त्या कारणावरून त्याला बाहेर काढता येतं, आणि त्याच्या मागोमाग आपलंही टेबल बाहेर. डिपॉझिट? अर्धं मिळालं. उरलेलं मागायला जायचं मीच सोडून दिलं.

म्हणून नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा, ज्याला सगळे पीआर कार्ड म्हणतात. त्यावर बहुतेक वेळा आजोबांचं नाव निघतं, आणि आजोबा जाऊन जमाना झालेला असतो. मग वारस किती ते मोजा. एक भाऊ इथं, एक पुण्यात, आत्या परभणीला. करारावर सगळ्यांच्या सह्या, नाहीतर सही करणाऱ्याच्या नावानं बाकीच्यांचं मुखत्यारपत्र. "आमच्यात काही वाद नाही हो," असं जिथं तीनदा सांगतात, तिथं मी मुखत्यारपत्र दोनदा वाचतो.

कधी कधी मालक कपाटातून जुना दस्त काढतो आणि तो उर्दूत असतो. घाबरू नका, उर्दूत आहे म्हणून तो बनावट ठरत नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कारभार उर्दूत चालायचा. सालही फसली, म्हणजे तेव्हाच्या महसुली कालगणनेचं असतं, त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळतं. जाणकाराकडून भाषांतर करून घ्या. आणि त्या कागदात वक्फ, म्हणजे धर्मादाय म्हणून कायमची दिलेली मुस्लिम मालमत्ता, हा शब्द दिसला, किंवा जागा दर्गा-मशिदीला लागून असली, तर वक्फ मंडळात चौकशी करा. लांब जायला नको, मंडळाचं मुख्य कार्यालय इथंच, पाणचक्कीला आहे. मंडळाच्या मंजुरीशिवाय केलेला लांब मुदतीचा भाडेकरार टिकत नाही, सही कितीही मोठ्या माणसाची असो.

आता वर बघा. (कॅमेरा छताकडे) हे माळवद. सागवानी तुळया, त्यावर किलचण म्हणजे लाकडी पट्ट्या, त्यावर मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर बेचाळीस असताना मी इथं पंख्यावर बसतो, ती या मातीची कृपा. पण माळवदाला दर वर्षी पावसाआधी माती लागते, पन्हाळी साफ लागतात. हल्ली गुत्तेदार काय करतात, वरून सिमेंटचा कोबा ओततात. वजन वाढतं, आत गेलेली ओल बाहेर पडत नाही आणि लाकूड आतल्या आत कुजतं. कुजायला सुरुवात होते ती तुळईच्या टोकाशी, भिंतीत शिरते तिथं. जागा बघायला जाताना खिशात स्क्रू ड्रायव्हर ठेवा. टोकाला हलकेच दाबा. लोण्यासारखा आत गेला तर चहा पिऊन परत या.

इमारत तीस वर्षांवरची असेल तर महापालिका कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. ते मागा. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींना नोटिसा लागतात. शेजाऱ्याला विचारा, इथं कधी चिकटली होती का. मालक सांगणार नाही, समोरचा चहावाला सांगतो.

दुरुस्ती कोणाची, हे करारात लिहून घ्या. भाडेकरू असाल तर कायदा थोडा बाजूनं आहे: पंधरा दिवसांची नोटीस देऊन मालकानं दुरुस्ती केली नाही तर आपण करायची आणि भाड्यातून वळती करायची, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण लीव्ह अँड लायसन्सवर बसलात तर तुम्ही भाडेकरूच नाही, जे लिहिलंय तेवढंच तुमचं. पहिल्या पावसात माझ्या प्रिंटरवर धार लागली तेव्हा मी हे कलम शोधत होतो. करारात नव्हतंच.

आणि ते "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हे डोक्यातून काढा. आपल्याकडे आधी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच कायदा आहे, आणि त्यात करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. खर्चही असा काही मोठा नाही. लीव्ह अँड लायसन्सवर महिना १५,००० भाडं, तीन वर्षं, म्हणजे ५,४०,०००. मुद्रांकासाठी डिपॉझिटवरचं व्याजही धरतात: लाखभरावर दहा टक्क्यांनी तीन वर्षांचं ३०,०००. एकूण ५,७०,०००, त्यावर पाव टक्का मुद्रांक, १,४२५ रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. यासाठी कोणी पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी करून मोकळं होत असेल तर कमाल आहे.

माझ्या धंद्यातलं एक: तुमचा जीएसटी नंबर आहे आणि मालकाचा नाही, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्ही भरायचा. कॉम्पोझिशनवाले, म्हणजे छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेतले, यातून सुटले. बाकीच्यांना क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कर पुढच्या करातून वळता होतो, पण रोख आधी खिशातून जाते, ती निम्म्या भाड्याच्या हिशोबात धरा.

बाकी भराभर. मीटर घरगुती असेल तर आधी व्यापारी करून घ्या. एसी लावायचा असेल तर लोड वाढवावा लागेल, आणि बाहेरचं युनिट माळवदावर अजिबात ठेवू नका. या दोन-दोन फुटी भिंतींतून वायफाय जात नाही, प्रत्येक खोलीत वायर ओढा. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारा आणि टाकी बघा.

ती पोरं टोकन न देता पीआर कार्ड काढायला गेली. सहा वारस निघाले, एक दुबईत. आता मुखत्यारपत्राची वाट बघतायत.

पार्किंगचं? (खिडकीतून खाली बघत) ती पांढरी स्कूटर माझी. तिच्यामागे हातगाडी, त्यामागे मालाची रिक्षा, आणि रिक्षावाला जेवायला गेलाय. म्हणजे अजून अर्धा तास मी इथंच आहे.