एनएस वन पॉझिटिव्ह : ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

(सुरुवात : मिरजेतल्या एका लॅबचा काउंटर, हातात रिपोर्टचा कागद)

हा कागद सांगली-मिरजेत पावसाळ्यात किती घरांत येतो बघा. वर नाव, वय आणि खाली एकच ओळ, डेंग्यू एनएस वन अँटिजेन, पुढं पॉझिटिव्ह. माझ्या आईचा असाच आला होता. रिपोर्ट आला की घरात, शेजारी, फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न, "पेशी किती आल्या?" पेशी म्हणजे प्लेटलेट. मग कोण पपईच्या पानांचा रस घेऊन येतंय, कोण किवी, कोण ड्रॅगन फ्रूट. पण त्या ओळीत जे नाव लिहिलंय ते नेमकं काय आहे हे आमच्या घरात कुणी विचारलंच नाही, मीही नाही, आणि ते तेव्हा माहीत असतं तर पाचव्या दिवशी आम्ही एवढे निर्धास्त राहिलो नसतो.

एनएस वन म्हणजे अख्खा व्हायरस नव्हे. ते व्हायरसचं एक प्रोटीन आहे.

डेंग्यूच्या व्हायरसकडं सामान फार कमी. आरएनएचा, म्हणजे सगळ्या सूचना लिहिलेल्या रेणूचा, एक धागा, साधारण १० हजार ७०० अक्षरांचा, त्यातनं १० प्रोटीन बनतात, बस. आपल्या शरीराच्या एका पेशीत (इथं पेशी म्हणजे प्लेटलेट नाही, शरीराची कुठलीही पेशी) हजारो प्रकारची प्रोटीन असतात, तरी हा १० वाला तिला ताब्यात घेतो. यातली ३ प्रोटीन व्हायरसचं स्वतःचं अंग बनवतात, बाकीची ७ पेशीत कामाला लागतात. एनएस म्हणजे नॉन-स्ट्रक्चरल, अंगाच्या बांधणीत नसलेलं.

(सांगली, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी मोजायची पट्टी)

२०१९ चा महापूर आठवा. इथं ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. गल्लीत गाडी फिरत होती, पाणी वाढतंय, बाहेर पडा. पेशीत व्हायरस शिरला की तीसुद्धा अशीच हाक देते, त्या हाकेला इंटरफेरॉन म्हणतात, १९५७ साली लंडनमध्ये त्याचा शोध लागला. शेजारच्या पेशीनं हाक ऐकली की दारापासून आत केंद्रकापर्यंत निरोप जातो, तो नेणाऱ्यांपैकी एक म्हणजे स्टॅट टू नावाचं प्रोटीन. त्या ७ पैकी एक, डेंग्यूचं एनएस फाइव्ह, नेमकं यालाच पकडतं आणि पेशीच्या स्वतःच्याच कचरा यंत्रणेकडनं त्याचे तुकडे करून घेतं. हाक दारापर्यंत येते, आत कुणाला कळतच नाही. आणि उंदराच्या स्टॅट टू ला एनएस फाइव्ह पकडू शकत नाही, साध्या उंदरात डेंग्यू नीट वाढत नाही त्यामागं हे एक मोठं कारण. मला हे वाचून खूप वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं, एवढ्याशा फरकावर सगळं अवलंबून.

आता एनएस वन. बाकीची सहा पेशीच्या आतच राहतात, हे मात्र मोठ्या प्रमाणात बाहेर रक्तात सोडलं जातं. सहा-सहाचा गट करून पिंपासारखा आकार, पोटात चरबी. म्हणून तर तापाच्या पहिल्या दिवशीच ते रक्तात सापडतं आणि ही टेस्ट करता येते.

(तासगावजवळचं शेततळं, द्राक्षबाग)

ते रक्तात काय करतं हे बघायला आपण शेततळ्यावर येऊ. तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, तो फाटला की पाणी जमिनीत मुरतं आणि गाळ तेवढा मागं राहतो. आपल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून असंच अस्तर असतं, साखरेच्या साखळ्यांचं. २०१५ साली संशोधकांनी दाखवलं की व्हायरस बाजूला ठेवून नुसतं एनएस वन दिलं तरी वाहिन्यांच्या पेशींचा थर गळायला लागतो. पुढच्या वर्षी कळलं की ते अस्तर कापणारी कात्री व्हायरसची नाहीच, वाहिनीच्या पेशीतलेच एन्झाइम एनएस वन चालू करतं. वर हे प्रोटीन रोगप्रतिकारक पेशींवरच्या टीएलआर फोर या सेन्सरलाही जाऊन चिकटतं. तो सेन्सर मुळात बॅक्टेरिया ओळखायला आहे, त्यामुळं जिवाणूंचा मोठा हल्ला झाल्यासारखी गडबड उडते, सूज आणणारी रसायनं सुटतात आणि वाहिन्या अजून सैल होतात. म्हणजे नुकसान करणारा एकटा व्हायरस नाही, आपल्याच शरीराचं उत्तर त्यात मिसळलेलं असतं.

आणि म्हणून वेळ उलटी येते. पाचव्या दिवशी सकाळी आईचा ताप उतरला. "आता मला काय न्हाय, गेला की ताप," म्हणून ती चुलीपाशी भाकरी थापायला बसली. दुपारी पोटात दुखायला लागलं, दोन-तीन उलट्या, हातपाय गार. आम्ही म्हटलं अशक्तपणा असेल. व्हायरस तेव्हा खरंच कमी होत आला होता, पण गळती नेमकी याच वेळेला, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरता उतरता सुरू होते. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून नाकातून रक्त, खूप सुस्ती किंवा तळमळ, हे दिसलं की घरी थांबायचंच नाही.

मिरजेत डॉक्टरांनी प्लेटलेटच्या आधी दुसराच आकडा बघितला, पीसीव्ही. रक्तात लाल पेशींचा वाटा किती ते. पहिल्या दिवशी ३८ होता, आता ४७. पाणी मुरलं, गाळ राहिला. प्लेटलेट ६० हजार होत्या, रक्तस्राव नव्हता, म्हणून प्लेटलेट चढवल्या नाहीत, सलाईन लावलं आणि दर काही तासांनी पीसीव्ही.

अजून एक सांगायचं राहिलं. डेंग्यूचे ४ प्रकार. एकदा एक होऊन गेला की त्याच्या अँटिबॉडी राहतात, त्या दुसऱ्या प्रकाराला चिकटतात पण कधी कधी मारू शकत नाहीत, उलट त्याला रोगप्रतिकारक पेशीच्या आत पोचवतात, म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त जड जाऊ शकतो. आणि त्याच जुन्या अँटिबॉडी एनएस वन ला बांधून ठेवतात, टेस्टला ते कमी सापडतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून डेंग्यू नाहीच असं धरू नका, डॉक्टरांना आधीच्या वेळचं सांगा.

(वॉर्डची खिडकी, सकाळ)

गळती एक-दोन दिवस चालते, मग अस्तर आपोआप भरून येतं आणि बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात यायला लागतं. तिसऱ्या सकाळी आई म्हणाली रात्रभर लघवीला उठत होते. मी घाबरलो. सिस्टर आल्या, पीसीव्ही ४० बघितला, आणि सलाईन बंद केलं, आता वरनं दिलं तर ते छातीत साठेल म्हणाल्या. आईनं चहा मागितला.