दोरीपलीकडचा आवाज

(दृश्य: इंग्लंड, रविवार सकाळ. ओलं मैदान, मुलांचा फुटबॉल, दोरीमागे पालक.)

पंचाच्या खिशात दोन कार्डं असतात, पिवळं आणि लाल. आरडाओरड करणाऱ्या बापाला मात्र त्यातलं एकही दाखवता येत नाही. प्रेक्षकांसाठी कार्ड नाहीच.

प्रशिक्षकासाठी आहे, तेही २०१९ पासून. बाकावरून शिवी आली आणि कोणी दिली ते कळलं नाही, तर कार्ड तिथल्या वरिष्ठ प्रशिक्षकाला. कठोर वाटेल, पण नियम योग्य आहे. आपली माणसं आवरणं त्याचंच काम.

पालकांपर्यंतचा रस्ताही प्रशिक्षकावरूनच जातो. जाणता पंच दोरीपाशी जाऊन वाद घालत नाही. चेंडू बाहेर गेला की प्रशिक्षकाला गाठतो, शांतपणे सांगतो, "तुमच्या पालकांशी बोला." बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं, तर खेळ थांबवून मुलांना बाजूला घ्यायचं. तरीही ऐकलं नाही, तर सामना तिथंच संपवायचा. हा अधिकार पंचाला नियमानंच दिलाय.

(दृश्य: दोरीचा क्लोजअप.)

ही दोरी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं २००८मध्ये सुरू केलेल्या 'रिस्पेक्ट' मोहिमेतली. पालक तिच्यामागे. पंचाशी बोलायचं फक्त कर्णधारानं.

एवढं सगळं कशाला, असं वाटत असेल तर नेदरलँड्समधलं अल्मेरे आठवावं. डिसेंबर २०१२. मुलांच्या सामन्यानंतर एका स्वयंसेवक लाइन्समनला मारहाण झाली, दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचा मुलगा त्याच क्लबात खेळत होता. दोषी ठरले ते किशोरवयीन खेळाडू, आणि त्यांच्यातल्या एकाचा बाप. पुढच्या शनिवार-रविवारी देशभरातले हौशी सामने बंद राहिले.

२०२३मध्ये इंग्लंडनं हौशी सामन्यांत पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहिले, सुरुवात मिडल्सब्रोपासून. पंचांना ते हवेसे वाटावेत, यातच सगळं आलं.

(दृश्य: रिकामं मैदान, गोलजाळी उतरवणारी माणसं.)

सामना संपला तरी पंचाचं काम उरतं. गैरवर्तनाचा अहवाल काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, फुटबॉल संघटनेकडे जातो आणि पालकांच्या वागण्याची शिक्षा क्लबला होऊ शकते. अहवालात कितव्या मिनिटाला काय घडलं, कोण काय बोललं, सगळं हवं. शिवीसुद्धा जशीच्या तशी.

इंग्लंडमध्ये वयाच्या १४व्या वर्षी पंच होता येतं. हे अहवाल लिहिणाऱ्यांत तीही मुलं असतात.