खोट्या साखरेची पुडी

(दृश्य: ओट्यावर पाण्याचा ग्लास, शेजारी पांढऱ्या पावडरची पुडी. अजून फोडलेली नाही.)

2021 चा मे आठवतोय ना? रात्र रात्र बेडसाठी फोन, व्हॉट्सअॅपवर फिरणारे ऑक्सिजन सिलिंडरवाल्यांचे नंबर ज्यातले निम्मे लागायचेच नाहीत, आणि त्या सगळ्या गोंधळात बातमी आली की डीआरडीओने औषध काढलंय, पावडर आहे, पुडी फोडायची, पाण्यात ढवळायची आणि प्यायची. नाव 2-डीजी. डीआरडीओचीच दिल्लीची इनमास लॅब आणि हैदराबादची डॉ. रेड्डीज कंपनी. 1 मेला आपत्कालीन मंजुरी, तीही फक्त हॉस्पिटलमधल्या पेशंटसाठी आणि बाकीच्या उपचारांच्या जोडीला. चाचणी झाली ती 27 हॉस्पिटलांत, 220 पेशंटवर, त्यात महाराष्ट्रातलेही होते. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन सुटलेले 42 टक्के, पुडी न घेतलेल्यांत 31. आकडा वाईट नाही, पण 220 म्हणजे फार माणसं नाहीत, हेही बोलून टाकायला हवं.

पण मला बोलायचंय ते पुडीत काय होतं त्याबद्दल.

पुडीत साखर होती. म्हणजे साखरेची नक्कल. ग्लुकोजच्या रेणूतला एक ऑक्सिजन काढून घेतला की झालं 2-डीजी. सेलला, म्हणजे शरीरातल्या पेशीला, वाटतं ग्लुकोजच आलं, तो दार उघडतो, आत घेतो, पहिली प्रक्रिया करून टाकतो आणि मग अडकतो, कारण पुढच्या पायरीला हा रेणू चालतच नाही. बाहेर जाता येत नाही, पुढे सरकत नाही, नुसता वाट अडवून बसतो. व्हायरस स्वतः काहीच शिजवत नाही, तो आपल्या सेलच्या स्वयंपाकघरात घुसून आपल्याच शिध्यावर स्वतःच्या कॉप्या काढतो. त्यामुळे त्या सेलची साखर अडवली तर व्हायरस उपाशी मरेल, असा तो हिशोब.

हिशोब बरोबर आहे. फक्त त्याच साखरेवर अजून कुणीतरी जगत असतं.

(दृश्य: पेट स्कॅनची हलती इमेज, काळ्या शरीरात चमकणारे ठिपके.)

हा पेट स्कॅन. यात जे सुईने देतात ना, एफडीजी, ते 2-डीजीचंच सख्खं भावंड, फक्त त्याच्यावर किरणोत्सारी फ्लोरिन बसवलेलं असतं. जिथे साखर जास्त खेचली जाते तिथे दिवा लागतो, कॅन्सर शोधायला म्हणून वापरतात. आणि 2021 मध्येच जगभरच्या रेडिऑलॉजिस्टना एक विचित्र गोष्ट दिसायला लागली, पेशंटच्या एकाच काखेतल्या गाठी चमकतायत. कॅन्सर पसरला की काय? तर नाही, त्या दंडावर कोविडची लस घेतलेली होती! काखेतल्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे त्या गाठींत, इम्युन सेल (रोगाशी लढणाऱ्या पेशी) जागे झाले होते आणि अधाशासारखी साखर खात होते, एवढंच.

अधाशासारखी का, हे समजून घेण्यासारखं आहे.

या इम्युन सेलपैकीच एक टी-सेल, एरवी अगदी काटकसरी प्राणी. थोडंसं ग्लुकोज घ्यायचं, मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे सेलच्या आतल्या भट्टीत, नीट पूर्ण जाळायचं, एका रेणूतून तीसेक एटीपी (सेलची ऊर्जेची नाणी) काढायचे आणि रक्तातून फिरत राहायचं. व्हायरसची ओळख पटली की मात्र सगळं बदलतं, तो ग्लुकोजची दारं भराभर वाढवतो आणि अर्धवट जाळायला लागतो. ऑक्सिजन असतानासुद्धा. या मार्गाने एका रेणूतून हातात पडतात फक्त 2 एटीपी आणि उरलेलं लॅक्टेट बनून बाहेर. जर्मनीच्या ओटो वारबुर्गने 1920 च्या दशकात कॅन्सरच्या गाठींत हीच उधळपट्टी पाहिली होती.

वरवर बघितलं तर वेडेपणा वाटतो. पण लग्नघर डोळ्यांसमोर आणा, पाचशे पानं उठायचीत. अशा वेळी गॅस किती जळतो हे कुणी बघत नाही, आणि मुख्य म्हणजे नुसता गॅस असून भागत नाही, शिधा लागतो. टी-सेलला त्या काळात दिवसातून दोन-तीनदा, कधी त्याहून जास्त वेळा, एकाचे दोन व्हायचं असतं. दरवेळी नवा डीएनए, नवं आवरण, नवी प्रोटीनं. हे सगळं उभं करायला कार्बन लागतो आणि तो त्या अर्धवट जळलेल्या साखरेतून काढून घेतला जातो. सगळं धान्य चुलीत घातलं तर भाकरी कशाची थापणार?

मॅक्रोफेजचं, म्हणजे जंतू गिळणाऱ्या इम्युन सेलचं, प्रकरण अजून भारी आहे. हे फुप्फुसात आधीपासून बसलेले असतात. हे खवळले की त्यांच्या मायटोकॉन्ड्रियातलं साखर जाळायचं चक्र मध्येच तुटतं आणि सक्सिनेट नावाचा पदार्थ साचतो, आणि हे साचलेलं सक्सिनेटच ताप आणणारा एक सिग्नल वाढवतं, हे डब्लिनच्या गटाने 2013 मध्ये दाखवलं. त्याच सेलमध्ये त्याच चक्रातून इटाकोनेट तयार होतं, आणि ते या खवळण्याला ब्रेक लावतं. इटाकोनिक अॅसिड म्हणजे तेच, जे कारखान्यात बुरशीकडून बनवून घेऊन रेझिन-प्लॅस्टिकला वापरतात! आपलं शरीर गुपचूप तेच बनवतं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग साखर भरपूर असली तर चांगलंच की? नाही ना. ब्राझीलच्या कांपिनासमध्ये 2020 साली लॅबमध्ये मोनोसाइट सेलना (रक्तातले इम्युन सेल, यांचेच पुढे मॅक्रोफेज होतात) कोविडचा संसर्ग करून बघितला, ग्लुकोज वाढवलं तर व्हायरसही वाढला आणि दाहही. 2-डीजी घातलं तर दोन्ही उतरलं. आणि आपल्याकडे काय झालं ते बघितलंच आपण, स्टेरॉइडने कितीतरी जीव वाचले, पण स्टेरॉइडने साखर चढते, चढलेल्या साखरेत न्यूट्रोफिल (बुरशीशी लढणारे इम्युन सेल) आणि मॅक्रोफेज सुस्तावतात, आणि मग म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या पेशंटचे, वॉर्ड भरले.

(दृश्य: चुलीवर पेजेचं पातेलं.)

आता घरातला जुना वाद. ताप आला की आजी म्हणणार लंघन कर, आई म्हणणार दोन घास मऊभात तरी खा. 2016 मध्ये येल विद्यापीठात रुस्लान मेझितोव यांच्या गटाने जवळजवळ हाच वाद उंदरांवर लावून बघितला. लिस्टेरिया बॅक्टेरिया झालेल्या उंदरांना ग्लुकोज पाजलं, तर ते जास्त मेले, तिथे आजी जिंकली. फ्लू झालेल्यांना खाऊ घातलं तर जास्त वाचले, आई जिंकली. आणि फ्लूच्या उंदरांना 2-डीजी, म्हणजे पुडीतली हीच खोटी साखर दिली, तर ते मेले. गंमत म्हणजे फुप्फुसातला व्हायरस सगळीकडे साधारण सारखाच होता. फरक पडला तो बाकीच्या शरीराने, विशेषतः मेंदूने, तो मार सोसला की नाही यात. उंदीर आहेत, फ्लू आहे, कोविड नाही, सगळं मान्य. तरी पुडी हातात घेताना हा प्रयोग मला आठवल्याशिवाय राहत नाही.

(दृश्य: मांडव उतरवतायत, मोठी पातेली टेम्पोत चढतायत.)

व्हायरस गेला की बहुतेक टी-सेल मरतात. जे थोडे मागे राहतात ते पुन्हा काटकसरीवर येतात, चरबी जाळतात, मायटोकॉन्ड्रिया लांब लांब जोडून घेतात आणि गप्प बसतात. मोठी शेगडी बंद, घरापुरता गॅस चालू. त्यातले काही फुप्फुसातच मुक्काम ठोकतात. उंदरांमध्ये बघितलं तर त्वचेत असे मुक्कामी सेल फार लांब टिकतात, फ्लूनंतर फुप्फुसात राहिलेले मात्र काही महिन्यांतच विरळ होत जातात.