लांब नाकाविना कॉर्व्हेट

श्रोतेहो, १८ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियात शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या आठव्या पिढीचे अनावरण झाले, तेव्हा माझ्यासारख्या जुन्या चाहत्याने छायाचित्रांत सर्वांत आधी शोधले ते तिचे लांबलचक नाक, आणि नेमके तेच नाहीसे झाले होते. १९५३ साली जनरल मोटर्सचे आरेखन-प्रमुख हार्ली अर्ल यांच्या पुढाकाराने पहिली कॉर्व्हेट न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली. तेव्हापासून पुढे इंजिन, त्यावर बॉनेटचा ऐसपैस पट आणि पार मागे रेलून बसलेला चालक, ही तिची ओळख होती.

या गाडीच्या घडणीत अभियंता आणि आरेखक यांचे भांडण जुने आहे. १९६३च्या स्टिंग रे या कॉर्व्हेटची मागची काच आरेखक बिल मिचेल यांनी एका कण्याने दुभंगली. अभियंता झोरा अर्कस-डंटोव्ह यांनी मागचे दिसत नाही म्हणून विरोध केला आणि पुढच्याच वर्षी तो कणा गेला. इंजिन चालकाच्या मागे बसवावे, हा डंटोव्ह यांचाच आग्रह. १९६० सालच्या प्रायोगिक गाडीत त्यांनी ते करूनही दाखवले होते. इंजिनाचे वजन मागच्या, म्हणजे गाडी ढकलणाऱ्या चाकांवर आले की वेग घेताना टायरांची पकड वाढते. इतक्या वर्षांनी निर्मात्यांनी हे मान्य केले आणि योग्य साधनांसह ही गाडी तीन सेकंदांच्या आत ताशी ६० मैलांचा वेग गाठू लागली.

त्याची किंमत मात्र आकृतीने मोजली. चालक साडेसोळा इंच पुढे सरकला, नाक आखूड झाले, दारांमागे हवा ओढणारी मोठी तोंडे आली. पुढून पाहिले तर ही गाडी इटालियन वाटते, या तक्रारीत तथ्य आहे. हातांनी बदलायचे गिअर गेले, याचे दुःख मात्र मला कमी आहे, कारण १९५३च्या पहिल्या गाडीतही दोनच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता, हे सुस्कारे टाकणारे सोयीस्करपणे विसरतात. सुरुवातीच्या गाड्यांत चालक आणि सोबती यांच्यामध्ये बटणांची जी लांब भिंत उभी केली होती, ती मला अजिबात रुचली नाही. दोन आसनांच्या गाडीत शेजाऱ्याला एवढे दूर का ठेवावे?

खरी कॉर्व्हेट मला सापडली ती मागच्या भागात, जिथे बहुतेक टीकाकार नाके मुरडतात. तो भाग रुंद आहे, बोजड आहे, त्यावर रेषांची गर्दीही झाली आहे. पण इंजिनाच्या मागे डिकी ठेवून तीत गोल्फच्या दोन पिशव्या मावल्या पाहिजेत आणि छताचा काढलेला भागही तिथेच बसला पाहिजे, असे ठरवल्यावर कंबर सुटणारच. सुरुवातीला, २०२० साली, साठ हजार डॉलरांच्या आत मूळ किंमत ठेवून शर्यतीच्या गाडीची मांडणी द्यायची आणि शनिवारच्या खेळाचे सामानही न्यायचे, हा हट्ट अस्सल अमेरिकन आहे. त्यात काचेखाली दिसणारे ६.२ लिटरचे व्ही-८ इंजिन आजही जुन्याच पद्धतीचे, कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, पोटात ठेवणारे आहे, आणि त्यामुळेच ते इतके बुटके राहते की वरची काच फार उचलावी लागत नाही.

समोरून आली की मला अजूनही क्षणभर तिची ओळख पटवावी लागते. मागून मात्र ती कॉर्व्हेटच आहे, जरा जाड कमरेची.