उतरणीवरची बाटली : सँ-ज्युलियाँ, १९७५

(दृश्य : पहाटेचं धुकं. पाण्यात खांबांवर उभी खोपटी. एक चौकोनी जाळं हळूहळू वर येतं.)

ही फ्रान्समधली जिरोंद. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या बोर्दो शहराच्या पुढे एकमेकींना मिळतात आणि तिथून अटलांटिक महासागरापर्यंत त्यांचं नाव जिरोंद. पाणी बारा महिने गढूळ, आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या खाडीसारखं. खांबांवरची खोपटी मासेमारीची. जाळं खाली सोडायचं, भरतीबरोबर जे येईल ते वर ओढायचं. आज मूठभर कोळंबी आली आहे.

(दृश्य : धुक्यातून वेलींच्या रांगा. जमिनीवरचे गोटे, एक हात ते उकरतो.)

चांगल्या वेलीला नदी दिसते, असं या काठावर म्हणतात. कारण नदीतच आहे. हे गोटे तिनेच वाहून आणलेत. त्यांच्यात पाणी ठरत नाही, म्हणून मुळांना ओलाव्यासाठी खोल जावं लागतं. दिवसा ते तापतात आणि ऊब धरून ठेवतात. काबर्ने सोव्हिन्यों हे उशिरा पिकणारं द्राक्ष, त्याला ही ऊब मानवते. सतराव्या शतकात डच इंजिनियरांनी चर खणून इथली दलदल हटवली, तेव्हा मेदोकचा, म्हणजे जिरोंदच्या डाव्या काठचा, हा पट्टा मोठ्या लागवडीखाली आला.

(दृश्य : कात्री, छाटलेल्या फांद्या, बांधलेल्या जुड्या.)

फेब्रुवारीत इथे छाटणी चालते. नाशिक-सांगलीकडचा बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. आपली वेल झोपतच नाही. इथली वेल थंडीत पूर्ण झोपते, म्हणून वर्षाला छाटणी एकच. कापलेल्या काड्या फेकत नाहीत. जुड्या बांधून वाळवतात आणि त्यांच्या निखाऱ्यांवर मांस भाजतात.

गावाचं नाव सँ-ज्युलियाँ. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेदोकच्या वाईनींची जी प्रतवारी झाली, तिच्यात या एवढ्याशा टापूतली अकरा नावं आहेत. आम्ही मात्र त्यांच्यापैकी कुणाच्या दिवाणखान्यात जाणार नाही. आम्हाला या निळ्या दारातून आत जायचं आहे.

(दृश्य : निळं दार, अरुंद जिना, खाली पिवळा दिवा.)

या घरातले आजोबा चाळीस वर्षं तळघरांतून राबले. पिंपं धुणं, वाईन एका पिंपातून दुसऱ्यात काढणं, बाटल्या भरणं. एक पिंप २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्या. किती पिंपं हातांखालून गेली ते त्यांनी मोजलेलं नाही. तरुणपणी त्यांना १९७५ सालच्या वाईनचं एक खोकं मिळालं होतं. बारा बाटल्यांचं. ही त्यातली बारावी.

(दृश्य : बाटली जवळून. धूळ, लेबलावरची बुरशी, मानेखाली वाईनची पातळी.)

लेबलाचा अर्धा भाग तळघरातल्या ओलीने खाल्लाय. गावाचं नाव वाचता येतं, साल वाचता येतं. आता वाईनची पातळी बघा. बाटली भरली तेव्हा ती मानेत होती. आज ती खांद्याच्या मध्यावर आहे. बूच म्हणजे झाडाची साल. ती कितीही घट्ट बसवली तरी पन्नास वर्षांत थोडी वाईन तिच्यातून उडून जाते आणि तेवढीच हवा आत येते. लिलावात बाटली हातात घेणारे सगळ्यात आधी ही रेघ बघतात. खांद्याच्या मध्यावर आलेली बाटली ते बहुधा बाजूला ठेवतात.

आजोबांनी ती बाजूला ठेवली नाही. दोन दिवसांपूर्वी फक्त उभी करून ठेवली, गाळ तळाशी बसावा म्हणून.

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो. द्राक्षतोड, बैठे ट्रक, हसणारे चेहरे.)

१९७५ हे साल समजून घेतल्याशिवाय या बाटलीची चव कळणार नाही. आधीची तीन वर्षं बोर्दोला वाईट गेली होती. १९७२ ची वाईन पातळ आणि आंबट, तरी भाव चढलेले. १९७३ ला पीक उदंड, पण चव पाणचट. त्यातच तेलाचं संकट आलं आणि वाईनचा बाजार कोसळला. १९७४ पावसात गेलं. अशा वेळी १९७५ चा उन्हाळा कडक निघाला. द्राक्षं बारीक राहिली, साली जाड झाल्या. सप्टेंबरात थोडा पाऊस आला, पण पीक चांगलं उतरलं. सगळ्या मेदोकने सुटकेचा श्वास टाकला. हे साल मोठं आहे, ही वाईन ठेवायची आहे, असं जो तो म्हणू लागला.

जाड सालीत रंग असतो, आणि टॅनिनही असतं. टॅनिन म्हणजे तुरटपणा. कच्चं केळं खाल्लं की जीभ आखडते, जांभूळ खाऊन दातांवरून जीभ फिरवली की ती अडखळते, ते टॅनिन. कोवळ्या लाल वाईनमध्ये ते लागतंच. त्याच्या जोरावर वाईन टिकते. वर्षं जातात तसे टॅनिनचे आणि रंगाचे कण एकमेकांना चिकटत जातात, जड होतात, तळाशी बसतात. वाईन मऊ होत जाते, रंग उतरत जातो. आपण लोणच्याला म्हणतो तसं मुरणं ते हेच.

पण मुरायलाही आत काही तरी लागतं. १९७५ च्या पुष्कळ वाईनींत टॅनिन इतकं कडक होतं की ते मऊ होईपर्यंत फळच, म्हणजे द्राक्षाचा ताजा स्वादच, वाळून गेलं. त्या काळात द्राक्षात साखर भरली की तोडणी सुरू व्हायची. साल आणि बी आतून पिकलीत का, हे दातांखाली चावून बघण्याची रीत पुढे रुळली. एमिल पेनो हे बोर्दोचे वाईनतज्ज्ञ त्याच सुमाराला शातो-शातोंच्या, म्हणजे वाईन करणाऱ्या मळ्यांच्या, मालकांना सांगत होते की द्राक्ष पूर्ण पिकू द्या, सडकं निवडून काढा, तळघर स्वच्छ ठेवा. आज जगभर मऊ, भरल्या फळाची लाल वाईन मिळते, तिच्यामागे त्यांच्या शिकवणीचा मोठा वाटा आहे. १९७५ साल सगळंच फसलं असंही नाही. ला मिसियों ओ-ब्रियों या शातोची त्या वर्षीची वाईन आजही नावाजली जाते.

(दृश्य : आजोबांचे हात. बोटांवर मोजताहेत.)

खोक्यातली पहिली बाटली त्यांनी १९८३ साली उघडली. तुरट. दुसरी चार वर्षांनी. तुरटच. तोवर १९८२ ची वाईन बाजारात आली होती, गोल, रसाळ, पहिल्या दिवसापासून गोड बोलणारी, आणि १९७५ ला कुणी विचारेना. आजोबा थांबले. सगळ्यात चांगली बाटली निघाली ती मुलीच्या लग्नात, १९९८ साली. ते बोटं मोजतात आणि पाचव्या बोटावर थांबतात. पुढच्या बाटल्यांबद्दल ते फारसं सांगत नाहीत.

(दृश्य : स्वयंपाकघर. खिडकीतून ऊन. टेबलावर मेणबत्ती.)

अकरा वाजून चाळीस मिनिटं. मानेवरचं वेष्टण कापलं जातं. खाली बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी आहे. घाबरायचं कारण नाही, ती बाहेरची. ओल्या फडक्याने पुसली की झालं.

नेहमीचा मळसूत्री स्क्रू इथे चालणार नाही. पन्नास वर्षांचं बूच भिजून केकसारखं झालेलं असतं. आजोबा दोन पात्यांचं साधन घेतात. एक पातं जरा लांब, एक आखूड. काच आणि बूच यांच्यामध्ये आधी लांब पातं, मग दुसरं, डावीकडे-उजवीकडे डोलवत आत सारायचं. मग पिळत पिळत वर. कॅमेरा इथे सलग चालू ठेवला आहे, कारण त्यांचा श्वास ऐकू येतो.

बूच अर्धं येतं. खालचा भाग तुटतो. ते मान हलवतात, पातं पुन्हा घालतात. दुसरा तुकडा निघतो. काळाभोर, ओलागच्च. ते तो नाकाशी धरतात आणि आमच्याकडे देतात. ओल्या लाकडाचा वास. व्हिनेगर नाही, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वासही नाही. तसा वास आला असता तर बूच बाधलं असं समजलो असतो.

(दृश्य : मेणबत्तीवर बाटलीची मान. काचपात्रात लाल धार.)

मेणबत्ती शोभेसाठी नाही. बाटलीची मान ज्योतीवर धरली की काचेतून धार दिसते. हात न थांबवता, न हिंदकळता ओतायचं. धार स्वच्छ येते, स्वच्छ येते, आणि मग खांद्याजवळून धुरासारखी एक काळी शेपूट पुढे सरकते. तिथे हात थांबतो. बोर्दोच्या बाटलीला हा उंच खांदा असतो, गाळ त्यालाच अडकतो. दोन बोटं वाईन बाटलीत राहिली. ती फेकलेली नाही, लक्षात ठेवा.

तरुण वाईन अशी ओतून दोन-दोन तास हवेत ठेवतात. जुनीला ते सोसत नाही. पेनो यांचं सांगणं हेच होतं : गाळ असेल तरच ओता, आणि अगदी प्यायच्या वेळी ओता. जुन्या वाईनमध्ये जे शिल्लक असतं ते हवेशी फार वेळ झुंजू शकत नाही.

(दृश्य : पांढऱ्या कागदावर तिरका धरलेला ग्लास.)

अकरा अठ्ठावन्न. रंग बघा. कडेला जवळजवळ पाणी. मग भाजक्या कौलाचा पट्टा. मधोमध अजून थोडी लाली, सुकलेल्या आमसुलासारखी. कोवळी असताना हीच वाईन जांभळी-काळी होती, तिच्यातून बोट दिसलं नसतं. आता कागदावरची अक्षरं वाचता येतात.

पहिला वास चांगला नाही. वर्षानुवर्षं बंद असलेल्या माजघराचं दार उघडावं तसा. बहुतेक लोक इथेच ग्लास खाली ठेवतात, वाईन गेली म्हणतात आणि मोरीत ओततात. आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत असंच झालंय. पाच मिनिटं थांबा. एवढंच मागणं आहे.

(दृश्य : भिंतीवरचं घड्याळ. आजोबा ग्लास फिरवत नाहीत, फक्त धरून बसलेत.)

बारा वाजून चार मिनिटं. माजघराचा वास सरला. आता पाचोळा येतो, पावसानंतर झाडाखाली कुजणारा. मग अळंबी. मग तंबाखू, विड्यांच्या पानाची नव्हे, पाइपमधली, थोडी गोडसर. पेन्सिलला टोक काढल्यावरचा देवदाराचा वास. आणि या सगळ्याच्या मागे, फार लांब, सुकलेला गुलाब. द्राक्षाचा वास शोधू नका. फळ पंधरा-वीस वर्षांपूर्वीच गेलं.

तोंडात घेतली की वाईन हलकी लागते, पाण्याहून जराशीच जड. मध्ये एक क्षण गोडवा येतो. साखर नाही ती, फळाची आठवण म्हणा. लगेच आंबटपणा पुढे येतो, कारण त्याला झाकणारं काही उरलेलं नाही. शेवटी हिरड्यांवर तोच तुरटपणा. १९८३ साली जो होता, तोच, आता एकटा. फ्रेंचमध्ये अशा वाईनला ‘पासे’ म्हणतात, म्हणजे वेळ निघून गेलेली. मराठीत आम्ही तिला उतरलेली म्हणू. बिघडलेली म्हणणार नाही. बिघडलेल्या वाईनला एकच वास असतो. हिच्यात आम्ही सहा मोजले.

बारा वीस. गुलाब सगळ्यात स्पष्ट आत्ता आहे. आजोबा काही बोलत नाहीत.

(दृश्य : आजोबांचा चेहरा. वीस सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य : ओव्हनमधून कोंबडी. बरणीतली अळंबी तव्यावर.)

जेवणात भाजलेली कोंबडी आणि बरणीतली सेप, म्हणजे इथली शरदातली मोठी अळंबी. मसाला नाही, लसूणही नावापुरता. उतरलेल्या वाईनला तिखट सोसत नाही. अळंबीचा घास आणि वर घोट असं घेतलं की वाईनमधली अळंबी आणि ताटातली अळंबी एक होतात, तुरटपणा मागे सरतो. एकटी असताना ती थकलेली वाटत होती, घासाबरोबर पुन्हा उभी राहिली.

बारा पन्नास. वासात आता सोया सॉससारखं काही आलंय. गुलाब गेला. एक वाजता कडेने व्हिनेगरची टोचणी. तासाभरात एवढं सगळं झालं.

(दृश्य : लिलावाच्या कॅटलॉगची पानं, गोदामातली सीलबंद खोकी.)

जगात अशा लाखो बाटल्या गोदामांत पडून आहेत. भाव चढेल म्हणून विकत घेतलेल्या, भाव चढला म्हणून विकलेल्या, पुन्हा कुणी तरी ठेवलेल्या. जुन्या सालांची लेबलं लावून खोट्या बाटल्या विकणारा रूडी कुर्नियावान याला २०१४ साली अमेरिकेत दहा वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

(दृश्य : संध्याकाळ. चुलीजवळचं टेबल. वाफाळतं सूप.)

दिवस मावळला. सकाळची ती दोन बोटं वाईन, गाळासकट, बाटलीत तशीच आहे. आता तिला प्यायची वाईन म्हणता येणार नाही. जेवायला लसणीचं सूप आहे. आजोबा ते जवळजवळ संपवतात, तळाशी चार चमचे राखतात. मग बाटली उचलतात आणि उरलेली वाईन गरम सूपमध्ये ओततात. या भागातल्या शेतकऱ्यांची ही जुनी रीत. तिला शाब्रो म्हणतात. चमचा लावायचा नाही.

(दृश्य : जांभळट झालेलं सूप. दोन्ही हातांनी उचललेलं वाडगं. वाडगं खाली येतं, रिकामं. तळाशी काळा गाळ.)